जोखीम मोजण्याआधी धोका सापडावा लागतो

21 नोव्हेंबर 2025 रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानंतरची बहुतेक चर्चा वेतनाची व्याख्या, ग्रॅच्युइटी आणि कामाचे तास यांभोवती फिरली आणि ते साहजिकही होते, कारण या गोष्टी थेट खिशाशी जोडलेल्या आहेत. त्या चारांपैकी एक, म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020, हिने 1948 च्या कारखाने अधिनियमासह 13 जुने कायदे आपल्यात सामावून घेतले आहेत. तिच्या कलम 6 मध्ये मालकाची कर्तव्ये सांगताना अगदी सुरुवातीलाच म्हटले आहे की, ज्या धोक्यांमुळे कामगाराला इजा किंवा कामातून उद्भवणारा आजार होतो किंवा होण्याचा संभव आहे, अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त असली पाहिजे.

कायद्याच्या भाषेत हे एक वाक्य आहे, पण प्रत्यक्षात ते पाळायचे म्हणजे आधी ते धोके कोणते, हे कोणीतरी शोधून लिहून ठेवले पाहिजे. हे शोधण्याचे काम बहुतेक ठिकाणी सर्वांत घाईने उरकले जाते, आणि पुढच्या आकडेमोडीवर मात्र भरपूर वेळ खर्च होतो.

धोका कशाला म्हणायचे आणि जोखीम कशाला

शिवारातली कठडा नसलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. ती विहीर हा धोका आहे, कारण तिच्यात पडून माणूस मरू शकतो. ती माळावर एका कोपऱ्यात असेल आणि तिकडे कोणी फिरकत नसेल, तर जोखीम कमी. तीच विहीर शाळेच्या वाटेला लागून असेल, भोवती गवत माजले असेल आणि मुले संध्याकाळच्या अंधारात तिथून जात असतील, तर विहीर तेवढीच खोल असूनही जोखीम कितीतरी जास्त. थोडक्यात, इजा करण्याची क्षमता असलेली वस्तू, पदार्थ, ऊर्जा किंवा परिस्थिती म्हणजे धोका. आणि ती इजा घडण्याची शक्यता किती व घडल्यास ती किती गंभीर असेल, या दोन्हींचा एकत्र अंदाज म्हणजे जोखीम.

कारखान्यांत या सगळ्या कामाला हझार्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट (धोके शोधणे आणि जोखीम मोजणे) म्हणतात आणि त्याच्या तक्त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून बोलताना सरळ ‘हिरा शीट’ म्हटले जाते. तक्त्यात पहिला रकाना कामाचा, दुसरा धोक्याचा. त्यानंतर शक्यतेला 1 ते 5 गुण, गांभीर्याला 1 ते 5 गुण, दोहोंचा गुणाकार, आणि गुणाकार मोठा आला की लाल रंग. ही पद्धत वाईट नाही. अडचण अशी की गुणाकार फक्त लिहिलेल्या धोक्यांचाच होतो. जो धोका दुसऱ्या रकान्यात आलाच नाही, त्याला गुण मिळत नाहीत, रंग मिळत नाही, उपाय सुचवला जात नाही आणि त्याच्यासाठी पैसेही मंजूर होत नाहीत. गुण देताना 3 ऐवजी 4 दिला गेला तर फारसे बिघडत नाही. एक ओळच राहून गेली, तर तिथे संरक्षण शून्य असते. तरीही बैठकांमध्ये वाद होतो तो 3 की 4 यावरच.

पॉवर प्रेससमोर उभे राहून पाहताना

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणारे असंख्य लहान प्रेस शॉप आहेत. तिथल्या पॉवर प्रेसचे काम वरवर अतिशय साधे असते. ऑपरेटर पत्र्याचा कापलेला तुकडा उचलतो, खालच्या डायवर (साच्यावर) बसवतो, पायाने पेडल दाबतो, वरचा रॅम खाली येऊन पत्र्याला आकार देतो, आणि तयार जॉब काढून क्रेटमध्ये टाकला जातो. तयार हिरा शीटमध्ये या कामापुढे सहसा एकच ओळ सापडते: ‘प्रेसमध्ये हात अडकणे, उपाय: हातमोजे व प्रशिक्षण.’ बोटांवर काही टनांचा दाब येणार असेल तेव्हा हातमोजा नेमके काय करणार, हा प्रश्न तक्ता भरणाऱ्याला पडलेला नसतो.

याच प्रेससमोर तासभर शांतपणे उभे राहिले आणि कामाचे एकेक पाऊल वेगळे करून पाहिले, तर यादी झपाट्याने वाढते. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणजे उचलतानाच हात कापण्याचा धोका. तुकडा डायवर ठेवताना बोटे रॅमखाली जातात. पेडलवर झाकण नसेल, तर हातातून निसटलेला जॉब पेडलवर पडून रॅम आपोआप खाली येऊ शकतो. पत्र्यावरचे तेल जमिनीवर सांडते आणि ऑपरेटर एका पायावर भार देऊन दुसऱ्या पायाने पेडल मारत असतो, म्हणजे घसरण्याची जागा नेमकी यंत्राच्या तोंडाशीच तयार होते. भरलेली क्रेट उचलताना कंबर वाकते. शेजारच्या आठ-दहा प्रेसचा आवाज दिवसभर कानांवर आदळत असतो.

हे सगळे नेहमीच्या कामातले झाले. खरी अडचण कामाच्या पत्रकात न लिहिलेल्या पावलांत असते. जॉब डायमध्ये अडकतो, भंगाराचा तुकडा मागच्या बाजूला साचतो, पंचावर (रॅमला लावलेल्या वरच्या साच्यावर) तेल लावावे लागते, डाय बदलावी लागते. तपासणीला आलेल्या माणसाने ‘तुम्ही हात आत घालता का?’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही साहेब’ हेच येणार. त्याऐवजी ‘काका, जॉब अडकला की काय करता?’ असे विचारून उत्तराची वाट पाहिली, तर कळते: ‘चिमटा शोधत बसलो तर टार्गेट कसं निघायचं? हातानंच ओढून काढतो.’ पहिल्या प्रश्नात आरोप आहे, दुसऱ्यात कामाची चौकशी आहे, आणि धोका नेहमी दुसऱ्या उत्तरात सापडतो.

यंत्राची जात माहीत असणेही इथे आवश्यक ठरते. जुन्या प्रेसमध्ये की-क्लच असतो. फिरत्या फ्लायव्हीलशी, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या जड चाकाशी, तो एकदा जोडला गेला की रॅम आपला पूर्ण फेरा केल्याशिवाय मध्ये थांबत नाही. क्लचची की किंवा स्प्रिंग तुटली, तर पेडल एकदा दाबूनही रॅम दोनदा खाली येतो, आणि दुसरा ठोका येतो तो नेमका हात जॉब काढण्यासाठी आत गेलेला असताना. अशा प्रेसला प्रकाशकिरणांचा सेन्सर बसवून ‘आता सुरक्षित झाले’ असे मानणे धोकादायक आहे, कारण सेन्सरने हात ओळखला तरी सुरू झालेला फेरा थांबवण्याची सोय त्या यंत्रातच नसते. अर्ध्या वाटेत थांबू शकणाऱ्या, न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारे) क्लच व ब्रेक असलेल्या प्रेसवर तोच सेन्सर उपयोगी पडतो. धोका लिहिताना नुसते ‘प्रेस’ लिहून भागत नाही ते यामुळे.

कामगारांनी केलेले जुगाड हे या शोधातले सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असतात. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून एकाच वेळी दाबायच्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले दिसले, गार्डचे बोल्ट काढून बाजूला ठेवलेले दिसले, गार्ड उघडताच यंत्र थांबवणाऱ्या लिमिट स्विचमध्ये लाकडी पाचर ठोकलेली दिसली, तर तिथे ओरडण्यापूर्वी थांबावे. त्या चिकटपट्टीचा अर्थ असा की अधिकृत पद्धतीने ठरवलेले उत्पादन निघत नाही, आणि ही माहिती कुठल्याही ऑडिटच्या फॉर्ममध्ये मिळणार नाही.

यंत्र बंद असते तेव्हा

बहुतेक तक्ते यंत्र चालू आहे असे गृहीत धरून लिहिलेले असतात. प्रत्यक्षात दुरुस्ती, साफसफाई, चाचणी आणि पुन्हा सुरू करणे या वेळांतच माणूस यंत्राच्या आत शिरतो, गार्ड उघडे असतात आणि नेहमीचा ऑपरेटर सोडून दुसराच कोणी तिथे काम करत असतो. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील काही काळ फिरत राहते आणि त्या वेळात पेडल दाबले गेले तर रॅम खाली येतोच. हायड्रॉलिक नळीत दाब उरलेला असतो, वर उचललेला भार खाली यायला टपलेला असतो, वाफेच्या लाइनमध्ये वाफ कोंडलेली असते. म्हणून ‘वीज बंद केली का?’ एवढे विचारून भागत नाही. यंत्रात अजून कोणती ऊर्जा शिल्लक आहे आणि ती कुठून सुटेल, हे विचारावे लागते. मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवण्याची ‘लोटो’ नावाची पद्धत याच प्रश्नातून आली.

बंदिस्त जागेतला धोका तर डोळ्यांना दिसतच नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्राची टाकी, मळीची टाकी, गाळाचा खड्डा या जागा वर्षातले बहुतेक दिवस कोणाच्या वाटेला जात नाहीत, आणि मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी ठेकेदाराची माणसे त्या साफ करायला उतरतात. कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण 100 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आधी वास येत होता, आता गेला’ असे वाटून माणूस निर्धास्त होतो, तेव्हा वायू वाढलेला असतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो आणि गाळ ढवळला की आणखी सुटतो. पहिला माणूस कोसळला की वरचा दुसरा त्याला वाचवायला धावत उतरतो आणि तोही तिथेच राहतो. टाकीतल्या दुर्घटनांच्या बातम्यांत एकाऐवजी दोन-तीन मृत्यू दिसतात ते यामुळे.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते. विषारी वायूबद्दल ती काही सांगत नाही, आणि आत ज्वलनशील वायू असेल तर तीच स्फोटाचे कारण होईल. चांगल्या हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो आणि तो 19.5 टक्क्यांच्या खाली गेला तर साध्या अवस्थेत आत उतरू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. तो मोजण्यासाठी वायुमापक यंत्र लागते. 1948 च्या अधिनियमाच्या कलम 36 मध्येही, जागा वायुमुक्त असल्याचे जाणकार व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र किंवा श्वसनयंत्र आणि दोरी बांधलेला पट्टा, यांशिवाय माणसाला आत उतरवू नये, असे स्पष्ट म्हटले होते. नियम जुना आहे. तरी अपघात होतात, कारण टाकीची सफाई हे ‘आपले’ काम नसून ठेकेदाराचे आहे, अशी समजूत असते आणि म्हणून ती हिरा शीटच्या पहिल्या रकान्यातच येत नाही.

ज्याला वर्षे लागतात ते

बोट तुटले तर त्याच क्षणी सगळ्यांना कळते. फुफ्फुस निकामी व्हायला मात्र वर्षे जातात आणि तोपर्यंत कामगार दुसऱ्या कारखान्यात किंवा गावी परत गेलेला असतो. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव परिसरात मोठा फाउंड्री (धातू ओतकाम) उद्योग आहे. तिथे साचे वाळूचे असतात आणि वाळूत सिलिका असते. साचा फोडताना, फेटलिंग करताना (ओतलेल्या भागाच्या कडा घासून साफ करताना), कोरड्या झाडूने जमीन झाडताना आणि कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकताना जी धूळ उडते, त्यातली डोळ्यांना दिसणारी जाड धूळ त्यामानाने कमी वाईट. तिचा बराच भाग नाकात, घशात अडतो किंवा खाली बसतो. खोल फुफ्फुसात पोचणारे कण 10 मायक्रॉनहून लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दीर्घ काळ हवेत तरंगत राहतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही, आणि लक्षणे सारखी असल्याने अनेकदा तो क्षयरोग समजून त्यावर औषधे दिली जातात. म्हणून ‘शेड स्वच्छ दिसते’ हे निरीक्षण धोका नसल्याचा पुरावा ठरत नाही. हवेचा नमुना घ्यावा लागतो.

आवाजाचेही तसेच आहे. भारतातील कारखान्यांसाठी 8 तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही मर्यादा मानली जाते. मापक हाताशी नसेल, तर हातभर अंतरावरच्या माणसाशी मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू जात नसेल, तर आवाज साधारण 85 डेसिबलच्या पुढे गेला असे धरून चालावे. भिवंडी किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल ठेवणाऱ्याला ही चाचणी घेण्याचीही गरज पडत नाही. सिलिकोसिस आणि आवाजाने येणारे बहिरेपण हे दोन्ही कायद्याने अधिसूचित आजार आहेत, म्हणजे ते आढळल्यास शासनाला कळवणे बंधनकारक आहे.

बदलातून आत येणारा धोका

एकदा नीट केलेली यादीही कालांतराने खोटी होते, कारण काम बदलते आणि कागद तसाच राहतो. याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण साखरेचे आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी स्फोट होऊन 14 कामगार मरण पावले. तिथे इंधन म्हणून जळली ती साखरेची बारीक धूळ. सायलोखालच्या (साखर साठवण्याच्या उंच टाक्यांखालच्या) बोगद्यातला कन्व्हेयर अनेक वर्षे उघडा चालत होता. साखरेत कचरा पडू नये म्हणून 2007 मध्ये तो पोलादी पत्र्यांनी बंदिस्त करण्यात आला. उघड्या बोगद्यात धूळ विरून जात असे. बंदिस्त जागेत ती स्फोट होण्याइतकी दाट होऊ लागली, आणि ती ओढून घेण्याची किंवा दाब बाहेर सोडण्याची सोय त्या आवरणात नव्हती. पहिल्या स्फोटाच्या धक्क्याने तुळयांवर, जमिनीवर वर्षानुवर्षे साचलेली धूळ उडाली आणि मग ती इमारतभर पेटत गेली. स्वच्छतेसाठी केलेला चांगला बदल होता तो. त्याबरोबर कोणता नवा धोका आत येतो, एवढे पाहायचे राहून गेले. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात, आणि पिठाच्या, मसाल्याच्या, औषधी पावडरीच्या कारखान्यांतही, धुळीकडे निव्वळ अस्वच्छता म्हणून पाहिले जाते. ती स्फोटक असू शकते, हे फार थोड्या तक्त्यांत लिहिलेले आढळते.

बदल म्हणजे नेहमी नवे यंत्रच असे नाही. ऋतू बदलला तरी धोका बदलतो. उघड्यावर पडलेले भंगार पावसाळ्यात ओले होते आणि तेच इंडक्शन फर्नेसच्या वितळलेल्या धातूत टाकले, तर त्यातल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन ते 1,600 पटींहून अधिक फुगते आणि तप्त धातू बाहेर उसळतो. एप्रिलमध्ये केलेल्या पाहणीत हा धोका दिसणारच नाही. कच्चा माल पुरवणारा बदलला, पाळी आठ तासांची बारा तासांची झाली, अनुभवी फिटर निवृत्त झाला, कामावर आलेल्या नव्या मुलांना भिंतीवरच्या मराठी आणि इंग्रजी सूचना वाचता येत नाहीत, हे सगळे बदलच आहेत.

रासायनिक कारखान्यांसाठी तर पाहणी करून भागतच नाही, कारण तिथला मुख्य धोका बंद रिअ‍ॅक्टरच्या आत असतो. तिथे हॅझॉप नावाची पद्धत वापरतात: प्रत्येक नळी आणि प्रत्येक टाकी समोर ठेवून ‘प्रवाह जास्त झाला तर, कमी झाला तर, उलट दिशेने गेला तर, अजिबात थांबला तर’ असे प्रश्न ओळीने विचारायचे. थंड पाण्याचा प्रवाह थांबला आणि आतली उष्णता वाढत गेली तर काय, याचे उत्तर कागदावर मिळवणे स्वस्त पडते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी झालेल्या स्फोटांनी आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. म्हणजे अशा ठिकाणची यादी कंपाउंडच्या भिंतीपाशी संपवता येत नाही.

‘आमच्याकडे वीस वर्षांत काही झालेले नाही’

हा आक्षेप जवळपास प्रत्येक मालकाकडून येतो आणि तो खोटेपणाने घेतलेला नसतो. थोडे गणित करून पाहू. समजा एखाद्या प्रेस शॉपमध्ये वर्षभरात गंभीर अपघात होण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग वीस वर्षे काहीही न घडण्याची शक्यता सुमारे 82 टक्के येते. म्हणजे तसाच धोका असलेल्या शंभर कारखान्यांपैकी ऐंशीहून अधिक मालक वीस वर्षांनी हेच वाक्य म्हणतील, आणि तरीही त्या वसाहतीत दर वर्षी सरासरी एका कामगाराचा हात जात राहील. अपघात न होणे यातून धोका नाही हे सिद्ध होत नाही.

शिवाय ‘काही झाले नाही’ याचा अर्थ बहुधा ‘नोंद झाली नाही’ असा असतो. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या पट्ट्या किती दिवसांत संपतात, मेंटेनन्सच्या वहीत एकाच यंत्राचे नाव किती वेळा येते, चहाच्या वेळी ‘काल थोडक्यात वाचलो’ हे वाक्य कोणत्या विभागात ऐकू येते, एवढे पाहिले तरी पुढचा अपघात कुठे होऊ शकतो याचा अंदाज बांधता येतो.

‘कामगारच निष्काळजीपणा करतात’

काही वेळा करतातही. परंतु ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे धोक्याच्या रकान्यात लिहिले की शोध तिथेच थांबतो, आणि उपाय म्हणून ‘समज दिली’ एवढेच उरते. माणूस दमतो, चुकतो, घाई करतो, घरच्या काळजीत असतो. पाळीत हजारो वेळा तेच पेडल मारणाऱ्या माणसाकडून एकदाही चूक होणार नाही, असे धरून केलेली रचना मुळातच कच्ची आहे. अनुभवी कामगाराच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते. रोज पाहून त्याला धोका दिसेनासा होतो, आणि ज्या नवख्याला तो दिसतो त्याला बोलण्याची हिंमत नसते. म्हणून पाहणीला त्या यंत्रावरचा ऑपरेटर, मेंटेनन्सचा माणूस आणि दुसऱ्या विभागातला एखादा जण असे तिघे एकत्र असावेत. नव्या संहितेच्या कलम 14 ने कामगाराला सुरक्षेविषयी मालकाकडून माहिती मागण्याचा, आणि गंभीर इजेचा नजीकचा धोका वाटल्यास तो मालकाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्याही निदर्शनास आणण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवले जाणार असेल, तर अर्थातच यादीत काही येणार नाही.

‘लहान कारखान्याला हे परवडत नाही, आणि आता तर तो कायद्यातूनच सुटला’

विजेवर चालणारा कारखाना कायद्याच्या व्याख्येत येण्यासाठी पूर्वी 10 कामगार पुरत. नव्या संहितेत ही संख्या 20 झाली आहे, आणि विजेविना चालणाऱ्यासाठी 20 ची 40. त्यामुळे बारा-पंधरा माणसांचे प्रेस शॉप ‘कारखाना’ राहत नाही, हे खरे. तथापि 10 किंवा अधिक कामगार असलेली जागा ‘आस्थापना’ म्हणून संहितेत येतेच आणि कलम 6 चे कर्तव्य आस्थापनेलाही लागू आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन कारखान्यांत 500 कामगारांपासून, आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास 250 पासून सुरू होते. म्हणजे लहान ठिकाणी हे काम मालकाला किंवा सुपरवायझरलाच करावे लागणार. मला व्यक्तिशः ही मर्यादा वाढवणे पटलेले नाही, कारण जुने की-क्लचचे प्रेस प्रामुख्याने याच लहान शेडमध्ये उरले आहेत.

खर्चाचा मुद्दा मात्र वाटतो तेवढा मोठा नाही. धोका शोधायला वही, पेन आणि एका वेळी एक काम पाहण्याइतका वेळ लागतो. सल्लागाराकडून विकत घेतलेला चाळीस पानी तक्ता दिसायला चांगला असतो, पण त्यात दुसऱ्याच कारखान्यातल्या यंत्राचे नाव बदलायचे राहून गेलेले आढळू शकते.

‘लिहून ठेवले तर आपल्याच अंगाशी येईल’

हा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण तक्ते कोरे राहण्यामागे तो मोठे कारण आहे. लिहिलेला धोका दूर केला नाही तर तो कागद चौकशीत विरोधात जाईल, ही भीती निराधार नाही. पण धोका सहज दिसण्यासारखा असताना तो शोधलाच नाही, हीही कर्तव्यात कसूरच ठरते. न लिहिण्याने जबाबदारी टळत नाही, फक्त चांगल्या हेतूचा पुरावा हातचा जातो. धोका, तो सापडल्याची तारीख, तातडीने केलेली सोय, कायमच्या उपायासाठी ठरवलेली मुदत आणि तो करणाऱ्याचे नाव, एवढे ज्या ओळीत आहे ती ओळ मालकाच्या बाजूनेच बोलते.

यादी कुठे थांबवायची आणि पुढे काय

जमिनीवरच्या प्रत्येक खिळ्याची नोंद करण्याची गरज नाही. वाजवी विचार करणाऱ्या माणसाला ज्यातून इजा होईल असे वाटेल तेवढे लिहावे, मात्र ज्यात जीव जाऊ शकतो ते शक्यता कितीही कमी वाटली तरी सोडू नये. वगळण्याचा निर्णय गुण देताना घ्यायचा, शोधताना नाही.

उपाय निवडताना क्रम ठरलेला आहे. आधी धोकाच काढून टाकता येतो का हे पाहायचे, मग त्याऐवजी कमी धोक्याचे काही वापरता येते का, मग यंत्रालाच अडथळा बसवता येतो का, त्यानंतर नियम व प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, मास्क, इअरप्लग. प्रेसच्या बाबतीत याचा अर्थ असा की, जॉब घसरपट्टीवरून आत सरकेल आणि बोट शिरणारच नाही एवढीच फट राहील अशी बंद डाय करता येते का, हा पहिला प्रश्न. हातमोज्यांचा प्रश्न शेवटचा, आणि तोही फक्त पत्र्याच्या धारेपुरता. डाय नव्याने बनवायला टाकण्यापूर्वी टूलरूमच्या माणसाला त्या प्रेसवर काम करणाऱ्या ऑपरेटरशेजारी एक पाळी उभे करावे. जॉब नेमका कुठे अडकतो ते ड्रॉइंगवर दिसत नाही.